पहिली ट्यूब कुठली ते विचार

काय गं, प्रोजेक्ट मिळाला म्हणून सगळ्या गल्लीत पेढे वाटलेस म्हणे, आणि मला नुसता मेसेज? असो.

मॅग्नेटिक नॅनोपार्टिकल्सनी रक्तातल्या कॅन्सर पेशी धरायच्या म्हणजे काय हे आईला सांगताना गिरणीचं सांग. धान्य ओततात तिथं चुंबक असतो बघ, खिळा चिकटतो नि गहू खाली जातो. इथं मात्र खिळा लोखंडाचा नाही, तो आपणच लोखंडी करायचा. आयर्न ऑक्साईडच्या कणावर अँटीबॉडी बसवलेली असते, ती पेशीवरचं एपकॅम प्रोटीन धरते, रक्तपेशींवर ते सहसा नसतं, मग चुंबक लावला की तेवढ्या पेशी ट्यूबच्या भिंतीला येतात. एक मिली रक्तात लाल पेशीच ५०० कोटींच्या घरात, आणि तुला हवी ती एखादी, बऱ्याचदा तीपण नाही. सेलसर्च म्हणून मशीन आहे, अमेरिकेत २००४ ला मान्यता मिळाली, ते साडेसात मिली रक्त तपासतं, आणि पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरमध्ये त्यात ५ किंवा जास्त पेशी निघाल्या की पेशंटचं पुढचं अवघड धरतात. फक्त पाच! दोन पेशी चुकल्या तरी किती फरक पडतो बघ.

माझं सांगतो. कंट्रोलला, म्हणजे तुलनेला, निरोगी रक्त पाहिजे होतं, कोण तयार होईना म्हणून स्वतःचंच दिलं. मायक्रोस्कोपखाली बघतो तर दोन पेशी, केराटिन (कातडीसारख्या पेशींतलं प्रोटीन) चमकतंय, डॅपीच्या रंगानं न्यूक्लियस निळाशार, सीडी४५ ही पांढऱ्या पेशींची खूण अजिबात नाही, म्हणजे पुस्तकातल्यासारखी कॅन्सरची पेशी. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, बायकोला काही बोललो नाही, गुपचूप एलआयसीचे कागद काढून बघितले. सकाळी सरांनी एवढंच विचारलं, ट्यूब कितवी? पहिली. अरे, सुई कातडीतून जाताना तिथल्या पेशी ओढून आणते, त्यांच्यात पण केराटिन असतं, म्हणून पहिली ट्यूब दुसऱ्या टेस्टला द्यायची. परत रक्त दिलं, यावेळी दुसरी ट्यूब घेतली, काही नाही. सर हसले, मला मात्र त्यादिवशी जेवण गोड लागलं.

तर पेशंटच्या सॅम्पलला लगेच हात घालू नकोस. निरोगी रक्तात एमसीएफ-७ च्या, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या, मोजून १०० पेशी टाक, किती परत येतात बघ, मग ५०, मग १०, मग ५. पाचला आकडे असे उड्या मारतात की रडू येईल, पण ते तसेच वहीत लिही, गाईडला आवडो न आवडो. आणि काही पेशी गाठीतून सुटताना एपकॅम टाकून देतात, त्या तुझ्या चुंबकाला दिसणारच नाहीत, त्यामुळे शून्य आलं तर रिपोर्टमध्ये ‘आढळली नाही’ एवढंच लिहायचं, ‘नाही’ नाही.

मिरजेहून सॅम्पल येणार म्हणालीस ना, तिकडची पोरं सवयीनं बर्फात घालतील. पेशी टिकवायचं औषध असलेली ट्यूब असेल तर ती रूम टेंपरेचरलाच राहू दे, फोन करून आधीच सांग, आणि पहिली ट्यूब कुठली तेही विचार.

सुट्टीला येताना गाडी साताऱ्याला थांबते, कंदी पेढे अर्धा किलो.