लेकीकडे पहिल्यांदा अमेरिकेला जाताना

ताई, तिकीट काढायच्या आधी लेकीला परीक्षांच्या तारखा विचारा. डिसेंबरच्या सुरुवातीला गेलात तर ती लायब्ररीत अन् तुम्ही खोलीत भिंती मोजत. त्यापेक्षा मे महिन्यात परीक्षा आटोपल्यावर जा, नागपूरचं ऊनही चुकेल.

व्हिसा बी-१/बी-२, म्हणजे फिरायला-भेटायला जाणाऱ्यांचा, लागतो. व्हिसाच्या अर्जाचा डीएस-१६० फॉर्म तिनं ऑनलाइन भरला तरी एकेक ओळ स्वतः वाचा. अमेरिकन वकिलातीतल्या मुलाखतीत उत्तरं तुम्हालाच द्यायची आहेत. मुंबईला आदल्या दिवशीच पोचा. विदर्भ एक्स्प्रेसमधून उतरून थेट रांगेत, असं करू नका जी. "कशाला चाललात?" तर "मुलीला भेटायला, दीड महिना." बस्स. पुराण नको.

व्हिसा १० वर्षांचा मिळाला तरी एका खेपेला किती राहायचं ते तिथं उतरल्यावर अधिकारी ठरवतो.

बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत. विमा घेताना जुन्या आजारांचं कलम वाचाच.

आणि संत्री नेऊ नका! ताजी फळं तिकडे विमानतळावरच काढून घेतात. सावजी मसाला, पापड खुशाल न्या. फक्त खायचं सामान आहे का विचारलं, की सरळ हो म्हणा. लपवलं तर दंड बसतो.