नवीन आशाताईसाठी: तपासणीचा मेसेज धाडताना

ताई, टीबीच्या तपासणीला लोकांना मोबाइलवरून बोलवायचं ठरवलंत, चांगलं केलंत. आधी दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेल्यांनाच धरा; बाकीचं नंतर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मेसेजात आजाराचं नाव. घरात फोन एकच, सुनेचा मेसेज सासरा वाचतो. 'टीबी' लिहू नका, ग्रुपवर तर कुणाचंच नाव नको. माझ्या अशाच एका मेसेजमुळं एक बाई चार महिने दवाखान्याकडं फिरकली नाही. अजून सलतं.

लांबलचक लिहू नका, आपल्या बोलीत आवाज धाडा: "मावशी, परवा बोललो तसं बुधवारी सकाळी दहाला उपकेंद्रात या. मी तिथंच हाय. पैसे लागत न्हाईत." एवढं बास.

आणखी तीन गोष्टी:
- ऊसतोडीला जाणाऱ्यांना दसऱ्याच्या आत गाठा. टोळी कारखान्यावर गेली की थेट उन्हाळ्यातच भेट.
- आले नाहीत तर फोन, तरी नाही तर घरी जा.
- रिपोर्ट मेसेजवर कधीच नाही, समोर बसून सांगा. तेव्हाच सांगा, औषध मोफत आहे आणि निक्षय पोषण योजनेतून (टीबीच्या रुग्णाला सकस खाण्यासाठी सरकारी मदत) उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपयांच्या हिशोबानं पैसे खात्यावर येतात.

पहिल्या खेपेला दहातले तीन आले तरी खचू नका. त्या तिघांना नीट सांभाळा, पुढची माणसं तेच घेऊन येतात.