घरामागे निलगिरी लावावी का, आणि तिच्या पानांचं घरात काय करता येतं?

तुम्ही लिहिलंय की बडोद्यात टेनामेंट घेतलंय, मागे कंपाउंडच्या भिंतीलगत बारा-पंधरा फुटांची पट्टी मोकळी आहे आणि नर्सरीवाला "निलगिरी घ्या, डासही जातील" म्हणतोय. माझं उत्तर : जरूर लावा, पण तिचं झाड होऊ देऊ नका.

आमच्या बाबांनी होऊ दिलं होतं. साल १९८६. त्या दिवसांत गुजरातेत शेताच्या बांधावर, कित्येकांनी तर अख्ख्या शेतात निलगिरी लावली होती, कारण बांधकामाच्या बल्ल्यांना चांगला भाव होता. (सगळ्यांनीच लावल्यावर पुढे तो पडायचा तसा पडलाच.) बाबांच्या एका मित्राची बडोद्याजवळच्या पादरा गावी शेती होती. त्याच्याकडची उरलेली दोन रोपं बाबांनी काळ्या पिशव्यांतून स्कूटरवर पायांपाशी ठेवून आणली. एक उधईने खाल्लं. वाळवीला आम्ही बडोदेकर उधईच म्हणतो, आणि कोवळ्या निलगिरीची ती पहिली वैरीण. दुसरं रोप सात-आठ वर्षांत अगाशीच्या वर गेलं.

दिसायला देखणं होतं, नाही म्हणणार नाही. जुनी साल सोलून पडली की आतून गुळगुळीत, पांढुरकं खोड निघायचं. फुलायच्या वेळी सकाळी ओटा झाडताना केरात छोट्या टोकदार टोप्या सापडायच्या. निलगिरीच्या कळीला पाकळ्या उलगडत नाहीत, वरची टोपी गळून पडते आणि आतून पांढऱ्या केसरांचा झुपका बाहेर येतो. लहानपणी मी त्या टोप्या बोटांच्या टोकांवर घालून राक्षसीण व्हायचे. सावली मात्र नावापुरतीच. पानं उभी लोंबतात, ऊन त्यांच्यामधून सरळ खाली येतं.

मग त्रास सुरू झाला. आधी गटाराच्या चेंबरमध्ये मुळं शिरली. मग मागच्या खोलीच्या भिंतीला भेग पडली, तिच्यात रुपयाचं नाणं आडवं जायचं. तुमच्याकडे काळी माती असेल तर हे नीट लक्षात घ्या : ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पायाजवळ असं पाणी ओढणारं झाड असलं की आणखी आकसते. शेजारचे काका तर रोज ऐकवायचे, "बेन, आ झाड बोरनुं बधुं पाणी पी जाय छे." एका झाडाने बोअर आटत नाही. निलगिरी भराभर वाढते म्हणून त्या हिशेबाने पिते. कोरड्या मुलखात एकरच्या एकर लावली तर गोष्ट वेगळी, कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये नव्या लागवडीवर बंदी घातली ती त्यामुळेच. पण काकांना हे कोण सांगणार? एका जुलैत वाऱ्याने मोठी फांदी मोडून त्यांच्याच पत्र्यावर पडली, आणि वाद आपोआप मिटला. झाड तोडलं.

दोन महिन्यांत बुंध्याच्या चहूबाजूंनी फुटवे आले. बाबांनी चिडून दोनदा खुडले, तिसऱ्यांदा आलेच. ती पानं जुन्या झाडासारखी लांब विळ्याच्या आकाराची नव्हती. रुंद, मऊ, जरा निळसर झाक असलेली होती. निलगिरीचं बालपणीचं पान वेगळं आणि मोठेपणीचं वेगळं असतं, आणि बुंध्यापासून छाटत राहिलं की ती बालपणातच अडकून राहते. आईने सर्दीला तीच पानं काढायला सुरुवात केली आणि बुंधा वाचला.

तुमच्या पट्टीत मी जमिनीत लावणारच नाही. अठरा इंची सिमेंटची कुंडी घ्या, खाली विटा ठेवा. मी विटा ठेवल्या नव्हत्या, तर वर्षभरात मूळ भोकातून जमिनीत उतरलं आणि कुंडी जागची हलेना. माती हलकी, निचऱ्याची हवी, शेणखत मूठ-दोन मूठ पुरे. जास्त खत घातलं तर नुसती लांब, लवचिक काठी होते. ऊन दिवसभर. मे महिन्यात कुंडीला रोज पाणी लागेल. पहिलं वर्ष वाढू द्या, मग दर फेब्रुवारीच्या शेवटी एक फूट ठेवून वरचं सगळं कापा. भर उन्हाळ्यात मात्र कात्री लावू नका. पानाच्या देठावर, मधल्या शिरेवर गाठी दिसल्या तर ती एका बारीक गांधीलमाशीची घरं असतात. तेवढ्या डहाळ्या कापून पिशवीत बांधून टाका, फवारणीच्या नादी लागू नका.

जात कोणती? नर्सरीत पाटीवर नुसतं "निलगिरी" लिहिलेलं असतं. पान चुरगळून वास घ्या. औषधी, बामसारखा वास आला तर नेहमीची. लिंबासारखा आला तर सिट्रिओडोरा, आणि घरासाठी मला तीच आवडते. पुष्पगुच्छांत गोल, रुपेरी पानांची "सिल्व्हर डॉलर" असते, ती थंड हवेतली. बडोद्याच्या मे महिन्यात पैसे वाया घालवू नका.

आता डास. झाड नुसतं उभं राहिल्याने डास जात नाहीत, हे नर्सरीवाल्याला माझ्यातर्फे सांगा. एकोणिसाव्या शतकात इटलीत हिवतापावर उपाय म्हणून दलदलीत निलगिरी लावत. तिथे काही फायदा झाला असेल तर तो दलदल सुकल्यामुळे, वासामुळे नव्हे. सिट्रिओडोराच्या तेलावर प्रक्रिया करून डास पळवणारं द्रव्य काढतात हे खरं, पण ते कारखान्यातलं काम आहे. तीन वर्षांखालच्या मुलांना तेही लावायचं नसतं. सुकी पानं जाळली तर डास जरा वेळ जातात, पण डोळे चोळत आपणही जातो.

वाफेसाठी पाच-सहा पानं चुरडून उकळत्या पाण्यात टाका, भांडं खाली उतरवा, मग टॉवेल घ्या. लहान मुलांना असं पातेल्यावर वाकवू नका, भाजण्याचीच भीती जास्त. दम्याच्या माणसालाही उग्र वास कधी कधी सोसत नाही. तेलाची बाटली औषधांसारखी कुलपात ठेवा. ते तोंडात घ्यायची वस्तू नाही. मुलाच्या पोटात चमचाभर गेलं तरी झटके येऊ शकतात. तान्ह्या बाळाच्या नाकाशी तर लावूच नका, आजी कितीही आग्रह करोत. घरात मांजर असेल तर तिलाही हे तेल घातक.

बाकी उपयोग किरकोळ पण सुखाचे. वाळलेली पानं मलमलीच्या पुरचुंडीत बांधून स्वेटर-शालींच्या ट्रंकेत टाका. गव्हाच्या कोठीत टाकू नका, एकदा टाकून बघितलं तर महिनाभर पोळ्यांना बामाचा वास. गव्हाला आपलं दिवेल, म्हणजे एरंडेल, बरं. नव्या स्टीलच्या डब्यावरच्या स्टिकरचा चिकटा निघत नसेल तर तेलाचे दोन थेंब कापसावर घेऊन पाच मिनिटं ठेवा, पुसताच निघतो. प्लास्टिकवर हा प्रयोग नको. आणि फेब्रुवारीत छाटलेल्या डहाळ्या फेकू नका : एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी, देठं ठेचून त्यात उभी करा. दोन-तीन आठवड्यांत पानं तपकिरी, मऊ होतात आणि फुलदाणीत वर्षभर कुरकुरत नाहीत.

उंच रोप बघून भुलू नका. वीतभर उंचीचं घ्या आणि पिशवी जरा उघडून मुळं बघा. तळाशी गोल गोल वेटोळी घातलेली दिसली तर परत ठेवा, नर्सरीवाला कितीही स्वस्तात देत असला तरी.