कॉर्न कॅप लावू नकोस

प्रिय मित्रा,

काल संध्याकाळी तू दुकानात आलास, आधी खोकल्याच्या गोळ्या मागितल्यास, मग बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत कॅल्शियमच्या डबीवरची अक्षरं वाचत उभा राहिलास. शेवटी पायाच्या कुरुपावर लावायच्या कॉर्न कॅपचं पाकीट घेतलंस. रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, लिंगावर चामखिळीसारखं काहीतरी उगवलंय म्हणून. तो लिहायला तुला किती जड गेलं असेल ते मला कळतं. म्हणून फोन न करता हे पत्र देतोय. दार लावून वाच.

पहिलं म्हणजे ते पाकीट उघडू नकोस. त्यातलं सॅलिसिलिक अॅसिड तळपायाच्या जाड कातडीसाठी असतं. लिंगावरची नाजूक त्वचा त्याने भाजते. चुना, बिब्बा, घोड्याचा केस, यातलंही काही नको. खूप वर्षांपूर्वी तुझ्याच वयाचा एक मुलगा ऐन शिमग्यात दुकानात आला, लुंगी दोन्ही हातांनी पुढे धरून. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने चामखीळ समजून बिब्ब्याचं तेल लावलं होतं. कातडी सोलवटून निघाली होती. त्या वर्षी त्याने पालखी खांद्यावर घेतली नाही, घरी सांगितलं की पाठीत उसण भरली. आणि मुळात ती चामखीळ नव्हतीच. लिंगाच्या टोकाच्या कडेने ओळीत बारीक, एकसारखे दाणे बऱ्याच पुरुषांना असतात. तो आजार नाही, त्याला औषधही लागत नाही. तो मुलगा त्याआधी दोनदा दुकानात येऊन घुटमळून गेला होता. मी गर्दीत होतो, विचारलं नाही. ते अजून मनातून जात नाही.

तुझं काय आहे ते मी सांगू शकत नाही, मोबाइलवरचा फोटोही सांगू शकत नाही. फोटो मला किंवा कुणालाच पाठवू नकोस. खरी चामखीळ बहुधा खडबडीत असते, वाढली तर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी दिसते. पण सिफिलिस या गुप्तरोगातही तशाच दिसणाऱ्या गाठी येतात, म्हणून डॉक्टरांनीच बघायला हवं.

समज, चामखीळच निघाली. ती एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे येते. अशी चामखीळ आलेल्या दहापैकी सुमारे नऊ जणांत त्याचे ६ आणि ११ हे प्रकार सापडतात. कॅन्सरशी ज्यांचं नाव मुख्यतः जोडलं जातं ते १६ आणि १८ वेगळे. रात्रभर फोनवर जे वाचत बसलास त्यात हे सगळं एकत्र कालवलेलं असतं. उपचार साधे आहेत: द्रव नायट्रोजनने गोठवतात, विजेच्या सुईने जाळतात किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेलं मलम असतं. काही आठवडे खेपा घालाव्या लागतील. पहिल्या काही महिन्यांत पुन्हा उगवली तर खचू नकोस, असं बऱ्याच जणांचं होतं. पुढे बहुतेकांचं शरीर विषाणूला आवर घालतं. लग्न, मुलंबाळं, काही अडत नाही.

जिच्याशी तुझे संबंध आले तिच्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, 'तिनेच दिलं असेल का?' हा प्रश्न सोड. विषाणू अंगात शिरल्यावर चामखीळ दिसायला महिने जातात, कधी वर्षही. कुणाकडून कुणाला आला ते सांगता येत नाही. भांडू नकोस, पण तिला सांग. तिलाही डॉक्टरांना दाखवू दे. तोवर संबंध नकोत. पुढेही कंडोम वापर, धोका बराच कमी होतो. पूर्ण जात नाही, कारण हा विषाणू कातडीला कातडी लागून पसरतो. एचपीव्हीच्या लशीबद्दलही दोघं विचारा. आपल्याकडे बनलेली सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते, मुलग्यांनाही देतात. आलेली चामखीळ तिने जात नाही, पण न शिरलेल्या प्रकारांपासून बचाव होतो.

आता जायचं कुठे? आपल्या आरोग्य केंद्रातली सिस्टर तुझ्या मावशीची जाऊ लागते, तुझी अडचण मला समजते. रत्नागिरीला जा. सरकारी जिल्हा रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक असतं, ते याच आजारांसाठी, आणि तिथे फुकट तपासतात. नाहीतर खासगी त्वचारोगतज्ज्ञ. 'खाली काहीतरी उगवलंय, दाखवायचंय' एवढं बोललास की पुरे. हातमोजे घालून, उजेडात, दोन मिनिटं बघतात. सोबत एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त तपासून घे, त्याला उपाशीपोटी जावं लागत नाही. २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीचा निकाल गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर १०९७ हा एड्सविषयी माहिती देणारा सरकारी नंबर फुकट लागतो, नाव सांगावं लागत नाही.

गुरुवारी मी माल आणायला रत्नागिरीला जाणार आहे. सकाळच्या एसटीला ये, घरी दुकानाचं काम म्हणून सांग. मी आत येणार नाही, बाहेर बाकावर बसेन.

तुझा,
दुकानातला काका