जिप्सीचे शॉकअप घेण्याआधी पाटे उघडा

तुमची २००६ची जिप्सी किंग आहे, सॉफ्ट टॉप, पाटे (एकावर एक लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) मूळचेच. खडबडीत रस्त्यावर मागची बाजू उडते, वळणात खड्डा लागला की मागची चाकं बाहेर सरकतात आणि गाडी एवढी कडक की घरचे बसायला तयार नाहीत. म्हणून बाहेरून येणारे गॅसचे ॲडजस्टेबल शॉकअप घ्यावेत का, असं विचारलंत. शॉकअप बदलावे लागतील असंच दिसतंय. पण आत्ता लगेच नको, आणि ॲडजस्टेबल तर नकोतच.

तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि दोघींचं मूळ वेगळं आहे. उडणं आणि सरकणं म्हणजे शॉकअप गेले. कडक बसणं मात्र बहुतेक वेळा पाट्यांचं दुखणं असतं. गाडीचं वजन पाटे पेलतात. दबलेला पाटा उसळून झुलत राहतो, ते झुलणं थांबवणं एवढंच शॉकअपचं काम. आतला पिस्टन तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि झुलण्याची ताकद उष्णतेत विरते. आधीच आखडलेल्या पाट्यावर जास्त कडक शॉकअप बसवलात तर गाडी आणखी आदळेल आणि पैसे गेल्याचं दुःख वेगळं.

जिप्सी १९८५ला आली, पुढे ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, रुंद झाला, १९९६ला १.३ लिटरचं इंजिन आलं, पण चारही कोपऱ्यांना पाटे आणि पुढे-मागे सलग ॲक्सल ही मांडणी शेवटपर्यंत तीच राहिली. गाडीचं वजन जेमतेम टनभर. मागे माणसं किंवा सामान नसेल तर मागच्या पाट्यांवर भार असा फारसा नसतोच. जड एसयूव्हीच्या हिशेबाने बनवलेला शॉकअप इथे चाकाला खड्ड्यात उतरूच देत नाही.

तेव्हा सुरुवात पाट्यांपासून करा. बाजूने टॉर्च मारून बघा. दोन पाट्यांच्या फटीत गंजाची लाल भुकटी दिसली तर पाटे एकमेकांवर सरकत नाहीयेत, सगळा जुडगा एकाच जाड पट्टीसारखा वागतोय. माझ्या गाडीचे मागचे शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कड्या, पहिल्यांदा उघडले तेव्हा पिना गंजून फुगल्या होत्या आणि सांध्यातले रबरी बुश दगडासारखे झाले होते. पाटा दबला की लांबीला वाढतो आणि त्या वाढीला जागा देण्यासाठीच शॅकल पुढे-मागे झुलतो. माझा झुलतच नव्हता. पाटे सोडवून तारेच्या ब्रशने घासले, मधे ग्रॅफाइटचं ग्रीस दिलं, नवे बुश आणि पिना टाकल्या. शॉकअपला हातही न लावता गाडी ओळखू येईना एवढी मऊ झाली. उघडलेच आहेत तर पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट आणि ते ॲक्सलला बांधणारे यू-बोल्टही बघून घ्या. ताणलेले यू-बोल्ट परत वापरू नका.

आणि टायरमधली हवा! पंपावरचा मुलगा सगळ्या गाड्यांना सवयीने ३२-३५ पीएसआय भरतो. एवढ्या हलक्या गाडीला ते फार होतं. मॅन्युअलमध्ये पुढच्या-मागच्या टायरसाठी जो आकडा दिलाय, तो वाचा आणि स्वतःच्या गेजने, टायर थंड असताना भरा.

आता शॉकअप खरंच गेलेत का ते तपासायचं. कोपरा दाबून सोडायचा आणि गाडी किती वेळा झुलते ते मोजायचं, ही पद्धत पाट्यांच्या गाडीत फसवते, कारण पाट्यांचं आपसातलं घर्षणच गाडीला थांबवतं आणि मेलेला शॉकअप पास होतो. मी करतो ते असं. दहा-पंधरा किलोमीटर खराब रस्त्यावर गाडी चालवायची, थांबायचं, आणि सायलेन्सरच्या नळीपासून हात लांब ठेवून चारही शॉकअपच्या नळकांड्यांना हाताची पाठ लावायची. काम करणारा शॉकअप चांगला कोमट लागतो. जो बाकीच्यांपेक्षा थंड, तो कामच करत नाहीये. नंतर खालचं टोक सोडवून हाताने ओढा आणि दाबा. सगळ्या लांबीत सारखा, जड विरोध लागला पाहिजे. मधेच हात मोकळा सुटला तर संपला. वरच्या सीलपाशी धुळीचा ओलसर थर एवढंच असेल तर घाबरायचं कारण नाही. नळकांड्यावरून तेलाचा ओघळ आला असेल तर बदला. एक गेला तरी त्या ॲक्सलची जोडी बदलायची.

मापाबद्दल मी जरा जास्त लिहितो, कारण त्यात मी स्वतः मार खाल्लाय. एका मिस्त्रीने "थोडे लांब आहेत, पण बसतात" म्हणत दुसऱ्याच गाडीचे मागचे शॉकअप बसवून दिले. बसले खरे. वरंध घाटात एका खोल खड्ड्यात मागचं चाक पूर्ण वर गेलं आणि ॲक्सल बंप स्टॉपला (तो फार वर जाऊ नये म्हणून असलेल्या रबरी अडणीला) टेकायच्या आधीच शॉकअप आतून टेकला. खालचा ब्रॅकेट फाटला, शॉकअप रस्त्यावर घासत लोंबत होता. तो तारेने बांधून मी महाडपर्यंत पोचलो ते पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये.

तेव्हा एका बोल्टच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत तीन मापं घ्या: गाडी सपाट जागी उभी असताना, ॲक्सल बंप स्टॉपला टेकलेला असताना, आणि चासी स्टँडवर घेऊन चाक पूर्ण लोंबतं सोडल्यावर. नवा शॉकअप पूर्ण दाबल्यावर दुसऱ्या मापापेक्षा आखूड आणि पूर्ण ओढल्यावर तिसऱ्यापेक्षा लांब हवा, दोन्हीकडे निदान १५ मिलिमीटर शिल्लक ठेवून. चाक लोंबत असताना ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातोय का तेही त्याच वेळी बघा. नुसते लांब शॅकल टाकून गाडी उचलायच्या फंदात पडू नका. पुढचा ॲक्सल फिरतो, कॅस्टर, म्हणजे चाकं सरळ ठेवणारा स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा कल, कमी होतो आणि स्टिअरिंग वेगात थरथरायला लागतं.

घ्यायचे कोणते? मूळ उंचीच्या, रोजच्या वापरातल्या तुमच्या गाडीला साधे ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचे), तेलाचे किंवा कमी दाबाच्या गॅसचे, पुरेसे आहेत. मारुतीचे जेन्युइन मिळाले तर उत्तम, नाहीतर गॅब्रिएलसारख्या जुन्या कंपनीचे, जिचे कारखाने आपल्याकडे चाकण आणि नाशिकला आहेत. गॅसचा फायदा खरा आहे. तासन्‌तास खडबडीत रस्त्यावर तेलाला फेस येतो आणि शॉकअप ढिला पडतो, नायट्रोजनच्या दाबाने तो फेस कमी होतो. जास्त दाबाचा मोनोट्यूब (एकाच नळीचा) मात्र दगड लागून नळकांडं चेपलं तर पिस्टन अडकून निकामी होतो. ओल्ड मॅन एमू या ऑस्ट्रेलियन ब्रँडचे चांगलेच असतात, पण ते त्यांच्याच पाट्यांच्या जोडीने घ्यावेत. नवा पाट्यांचा सेट घ्याल तेव्हा तो विचार करा.

नकली माल भरपूर आहे. पक्कं बिल घ्या आणि उत्पादनाची तारीख वाचा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मालाचं सील आणि बुशचं रबर कडक झालेलं असतं. तेल भरून, रंग मारून "रिपेअर" केलेले शॉकअप कितीही स्वस्त मिळोत, घेऊ नका.

बसवायच्या आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारा, पावसाळे खाल्लेले बोल्ट नाहीतर तुटतात. वरचा नट सोडताना चकचकीत दांडा पकडीत धरू देऊ नका. नव्या शॉकअपच्या बाबतीत तर तिथेच उभे राहा. दांड्यावर पक्कडीचा एक ओरखडा उठला की तो प्रत्येक फेरीला सील कापतो आणि काही महिन्यांत तेल बाहेर. अडकलेल्या बुशसाठी जुन्या गॅस शॉकअपवर गॅसकटर लावू देऊ नका, तो फुटतो. ट्विन-ट्यूब खोक्यात आडवा पडलेला असतो, आत हवा शिरते. म्हणून बसवायच्या आधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण ओढा-दाबा, खडखड थांबून सलग जडपणा येईपर्यंत. दांड्याच्या टोकाचा नट रबर वॉशरच्या कडेपर्यंत फुगेल इतकाच कसा. कडीच्या टोकाचे बोल्ट मात्र चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावरच शेवटचे कसा. लोंबत्या चाकावर कसले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा एकदा तपासा.

पाटे आणि शॅकल झाले, हवा बरोबर केली, की आठवडाभर गाडी चालवा. मग ती तीन मापं, वरच्या-खालच्या दोन्ही टोकांचे फोटो आणि मागे साधारण किती वजन असतं ते इथे टाका. त्यावरून नेमका कोणता शॉकअप बसेल ते सांगतो.