कोल्हापूरचा हुकूमनामा बेळगावात चालतो का? आणि करारातलं 'जर्मन कायदा लागू' हे कलम

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. शिरोली एमआयडीसीतल्या तुमच्या वर्कशॉपमधून बेळगावच्या एका पार्टीने माल नेला आणि पैसे थकवले. कोल्हापूरच्या दिवाणी कोर्टात तुम्ही दावा जिंकलात आणि हुकूमनामा (कोर्टाचा निकालाचा रीतसर आदेश) मिळवलात, पण त्याची जागा, मशिनरी, बँक खातं सगळं कर्नाटकात आहे, तर तिथे पुन्हा दावा लावावा लागेल का? दुसरं म्हणजे जर्मनीतल्या एका नव्या ग्राहकाने पाठवलेल्या करारात 'जर्मन कायदा लागू राहील आणि वाद तिथल्याच कोर्टात चालेल' असं कलम आहे, त्यावर सही करावी का? मी कोल्हापुरात दिवाणी वकिली करतो आणि दरखास्तीची, म्हणजे निकालाची अंमलबजावणी मागणाऱ्या अर्जांची, कामं बरीच बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

बेळगावात नवा दावा लावायचा नाही. तसं कुणी सांगितलं असेल तर त्यावर एक रुपयाही खर्च करू नका. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६१(३) प्रमाणे भारतातल्या कोणत्याही दिवाणी न्यायालयाच्या अंतिम निकालाची अंमलबजावणी कायद्यानुसार देशात कुठेही होऊ शकते. कोगनोळीचा राज्यसीमेवरचा नाका ओलांडला म्हणून हुकूमनामा परका होत नाही.

फक्त जप्ती बेळगावच्या कोर्टाकडून करून घ्यावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ मध्ये २००२ साली एक पोटकलम घातलं गेलं. त्यानुसार आपल्या हद्दीबाहेरच्या माणसावर किंवा मालमत्तेवर कोर्ट स्वतः अंमलबजावणी करू शकत नाही. म्हणून आधी इथल्या कोर्टात हुकूमनामा बेळगावला पाठवण्यासाठी अर्ज करायचा. कोर्ट हुकूमनाम्याची प्रत, वसुली झालेली नाही (किंवा किती झाली) याचा दाखला आणि अंमलबजावणीचा काही आदेश झाला असेल तर त्याची प्रत थेट तिकडे पाठवतं. मग तिथला स्थानिक वकील दरखास्त दाखल करतो. कलम ४२ मुळे बेळगावच्या कोर्टाला त्या हुकूमनाम्यापुरते तेच अधिकार मिळतात, जणू त्यानेच तो दिला होता. निकालपत्र मराठीत असेल तर इंग्रजी अनुवाद आधीच करून ठेवा, पुढे खोळंबा होत नाही.

तिथे गेल्यावर तुमचा ऋणको जुनं रडगाणं काढेल: माल खराब होता, हिशोब चुकला होता. त्याचा उपयोग नाही. दरखास्त चालवणारं कोर्ट हुकूमनाम्याच्या मागे जात नाही. कोल्हापूरच्या कोर्टाला हद्दच नव्हती, हा आक्षेपही त्याने इथे कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देतानाच घ्यायला हवा होता, कलम २१ तेच सांगतं. निकाल एकतर्फी झाला असेल तर मात्र सावध राहा. तो कोल्हापूरच्याच कोर्टात येऊन निकाल रद्द करून मागू शकतो. त्याला मुदत ३० दिवसांची असते, पण समन्स नीट बजावलं गेलं नसेल तर ते ३० दिवस त्याला निकाल कळल्यापासून मोजले जातात. म्हणून समन्स बजावल्याचा बेलिफचा अहवाल, पोस्टाची पोच, सगळं जपून ठेवा.

आता जे मला पोटतिडकीने सांगायचं आहे ते. निकाल हातात पडल्यावर लोक महिनोन्‌महिने स्वस्थ बसतात आणि तेवढ्यात समोरचा माणूस मशिनरी विकून, जागा मेव्हण्याच्या नावावर करून मोकळा होतो. दरखास्तीची मुदत १२ वर्षांची आहे हे खरं, पण मालमत्ता १२ वर्षं वाट बघत नाही. कलम ४६ खाली एक फार उपयोगी आणि फार कमी वापरली जाणारी सोय आहे, तिला प्रीसेप्ट म्हणतात. हुकूमनामा रीतसर बेळगावला पोचण्याआधीच कोल्हापूरचं कोर्ट तिथल्या कोर्टाला 'ही मालमत्ता जप्त करून ठेवा' असं कळवू शकतं. ही जप्ती दोन महिने टिकते. त्या अवधीत हुकूमनामा तिकडे पाठवण्याचं काम पुरं करायचं किंवा मुदत वाढवून घ्यायची. त्यासाठी मालमत्तेचा नेमका तपशील लागतो: जागेचा उतारा, बँकेची शाखा, मशिनरीचं वर्णन. तो नसेल तर संहितेच्याच ऑर्डर २१ नियम ४१ खाली ऋणकोकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागा. तो आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. शिवाय दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली राहुल शहा प्रकरणात दिला आहे. तारखेवर तारीख पडू लागली की त्याची आठवण वकिलाला करून द्या.

कोल्हापुरात बसून हे लिहिताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधी बेळगाव ब्रिटिश हद्दीत आणि आपण संस्थानात होतो, त्यामुळे इथला निकाल तिथे कायद्याने चक्क परदेशी होता. संस्थानी हुकूमनाम्यांसाठी संहितेत वेगळं कलम होतं, पण सरकारने तशी अधिसूचना काढली असेल तरच ते लागू व्हायचं. परदेशी निकालाबद्दलचा आपला पायाभूत खटलाही एका संस्थानातूनच आला. पंजाबातल्या फरीदकोट संस्थानच्या राजाने आपल्या माजी खजिनदारावर, गुरदयाल सिंग यांच्यावर, स्वतःच्या कोर्टात एकतर्फी हुकूमनामे मिळवले. ते तेव्हा फरीदकोट सोडून गेले होते आणि त्या कोर्टात हजरही झाले नव्हते. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं लंडनमधलं शेवटचं अपील कोर्ट) सांगितलं की जो माणूस तुमच्या हद्दीत राहत नाही आणि ज्याने तुमचा अधिकार मान्य केलेला नाही, त्याच्यावरचा असा पैशाचा निकाल बाहेर कुणी मानायचं कारण नाही.

तुमचा जर्मन करार इथेच येतो. 'वाद जर्मनीच्या कोर्टात' यावर सही केलीत की तुम्ही तो अधिकार आधीच मान्य केलात. उद्या तिथे निकाल विरुद्ध गेला तर 'मी तिथे राहत नाही' हा फरीदकोटचा बचाव तुमच्या हातून गेला.

कायदा कोणता आणि कोर्ट कोणतं, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. कायद्याबाबत आपली कोर्टं दोन्ही पक्षांनी करारात जे लिहिलं ते मानतात. काहीच लिहिलं नसेल तर कराराचा सर्वात जवळचा आणि खरा संबंध कोणत्या देशाशी आहे ते बघतात. १९९२ च्या एनटीपीसी विरुद्ध सिंगर निकालात हे स्पष्ट आहे. (बेळगावच्या व्यवहारात हा प्रश्नच आला नाही, कारण १८७२ चा करार कायदा आणि १९३० चा मालविक्री कायदा दोन्हीकडे तेच आहेत.) जर्मन कायदा निवडलात तर त्याच्यासोबत आंतरराष्ट्रीय मालविक्रीचा १९८० चा व्हिएन्ना करारही येतो, स्पष्ट शब्दांत वगळला नसेल तर. भारत त्याचा सदस्य नाही, म्हणून आपल्याकडे तो फारसा कुणाच्या डोक्यात नसतो. त्यात माल ताब्यात दिल्यापासून जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत दोषाची तक्रार करायला ग्राहकाला वाव आहे. वॉरंटीचा काळ करारात वेगळा आणि ठळक लिहून घ्या.

तिथला निकाल इथे कसा येईल? ब्रिटन, सिंगापूर, २०२० पासून संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांच्या वरिष्ठ कोर्टांचे पैशाचे हुकूमनामे संहितेच्या कलम ४४अ खाली थेट जिल्हा न्यायालयात दरखास्तीला लावता येतात. जर्मनी आणि अमेरिका त्या यादीत नाहीत. तुमच्या ग्राहकाला जर्मन निकालाच्या आधारे इथे तीन वर्षांच्या आत नवा दावा लावावा लागेल, आणि तुम्ही कलम १३ मधले बचाव घेऊ शकाल: अधिकार नसलेलं कोर्ट, गुणवत्तेवर न दिलेला निकाल, तुम्हाला ऐकून न घेणं, फसवणूक वगैरे. मात्र यादीत नाही म्हणजे निकाल रद्दी, असं समजू नका. पुरावा तपासून दिलेला निकाल या दाव्यात जड जातो.

माझं मत असं की तो करार आहे तसा सही करू नका. कोर्टाऐवजी लवादाचं (दोघांनी नेमलेल्या त्रयस्थाने वाद निकाली काढण्याचं) कलम मागा, ठिकाण मुंबई किंवा निदान सिंगापूर. १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे लवादाचे निवाडे जर्मनीत आणि भारतात कोर्टाच्या निकालापेक्षा सोपे अंमलात येतात, म्हणजे तुमचे पैसे अडकले तर तुम्हालाही तोच रस्ता मोकळा राहतो. कायद्याच्या बाबतीत ग्राहक अडून बसला तर तिथे मी ताणणार नाही, कोर्टाच्या जागेवर मात्र ताणून धरा. आणि सही झालेली असेल आणि कधी तिथलं समन्स आलं, तर ते ड्रॉवरमध्ये टाकू नका. हजर व्हायचं की फक्त अधिकाराला हरकत घ्यायची, हे त्याच आठवड्यात जर्मन वकिलाला विचारून ठरवा.