निखाऱ्यावर, फुफाट्यात, धगीला

प्रश्न असा आहे: परदेशी पाककृती मराठीत उतरवताना 'ग्रिल', 'रोस्ट', 'बार्बेक्यू' आणि 'स्मोक' या चारही ठिकाणी 'भाजणे' हेच क्रियापद लिहावं लागतं. बाहेर लाकडं पेटवून मांस-मासे शिजवायच्या इतक्या तऱ्हा असताना मराठीत एकच शब्द कसा? नवे शब्द घडवावेत का?

घडवू नयेत. शब्द आहेत, पण आपण ते क्रियापदात शोधतो आणि ते असतात क्रियापदाच्या आधी. 'भाजलं' एवढ्यावर मराठी बोलणं सहसा थांबत नाही. निखाऱ्यावर भाजलं, फुफाट्यात भाजलं, धगीला शेकलं, जाळावर धरलं, धुरी दिली, असं आपण म्हणतो. म्हणजे विस्तव कुठल्या अवस्थेत होता आणि पदार्थ त्याच्या किती जवळ होता, हे 'वर', 'त' आणि 'ला' या एवढ्याशा अक्षरांत सांगून होतं.

आता ज्यांचं भाषांतर करायचं त्या शब्दांकडे बघा. 'बार्बेक्यू' आला स्पॅनिश 'बार्बाकोआ'वरून आणि स्पॅनिशमध्ये तो आला कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून. मूळ अर्थ काटक्यांची मांडणी, मचाणासारखी, जिच्यावर मांस ठेवून खाली विस्तव करायचा. 'ग्रिल'च्या मुळाशी लॅटिनमधली छोटी जाळी आहे. 'रोस्ट'चं मूळ जर्मानिक. जर्मन भाषेत 'रोस्ट' म्हणजे आजही विस्तवावरची जाळी. तिन्ही शब्द मुळात साधनाची नावं आहेत. (मांस धुरावर वाळवायच्या अशाच मांडणीला दक्षिण अमेरिकेतल्या टुपी भाषेत जो शब्द होता, त्याचं फ्रेंचमध्ये 'बुकाँ' झालं. तसं मांस करणारे शिकारी ते 'बुकानिए', आणि पुढे त्यातले बरेच चाचेगिरीकडे वळल्यावर इंग्रजीतला समुद्री चाचा 'बुकॅनियर' झाला. मला हा शब्दप्रवास फार आवडतो.)

साधनावरून नाव द्यायची रीत आपल्याकडे नव्हती असं मात्र नाही. पाणिनीचं 'शूलोखाद्यत्' (४.२.१७) हे सूत्र नेमकं याच कामाचं आहे: शूल म्हणजे सळई, तिच्यावर सिद्ध केलेलं ते 'शूल्य', उखा म्हणजे भांडं, त्यात शिजवलेलं ते 'उख्य'. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातही शूल्य आणि उख्य शेजारी-शेजारी बसलेले आहेत. शूल्याला तिथे 'भटित्र' असा आणखी एक प्रतिशब्द आहे. मराठीत यातलं काही टिकलं नाही. 'शूल' आला तो पोटशूळ म्हणून किंवा सुळावर देण्यापुरता. त्यामुळे 'शूल्य' परत आणावा असं मी सुचवणार नाही. 'सळईवर भाजलेलं मांस' म्हटलं की ऐकणाऱ्याला चित्र दिसतं. 'भाजणे' मात्र त्याच जुन्या घरातला आहे: संस्कृत भृज्ज् धातू, ज्यातून भर्जन आणि भृष्ट आले.

तेव्हा 'ग्रिल'ला बहुतेक ठिकाणी 'निखाऱ्यावर भाजणे' लिहा. 'जाळावर' लिहू नका. जाळ म्हणजे लाकडातून निघणारे वायू पेटलेले असतात. तो हलता असतो, एकीकडे चाटतो आणि दुसरीकडे लागतही नाही, वर पदार्थावर काजळी धरते. निखाऱ्याची उष्णता स्थिर आणि सगळीकडून सारखी मिळते. म्हणून 'जाळ बसू दे, मग ठेव' असं म्हणतात. पाककृतीत 'आग लहान होईपर्यंत थांबा' असलं वाक्य लिहिण्यापेक्षा 'जाळ बसून निखारे पडेपर्यंत थांबा' लिहा. कुणीही चुकणार नाही. आणि निखाऱ्यावर राख धरली की धग मंदावते, फुंकर घातली की राख उडते आणि निखारे 'फुलतात'. हे 'फुलणे' अजिबात गाळू नका. ते काव्य म्हणून आलेलं नाही, ती कृतीतली एक पायरी आहे.

'इंगळ' हा निखाऱ्याचाच भाऊबंद, अंगारापासून आलेला. बोलण्यात 'आर'ही आहे: चुलीतले आर पुढे ओढणे. पाककृतीत यातलं कुठलंही चालेल, पण एका लेखात एकच धरा.

'फुफाटा' वेगळा. निखारे मोडून झालेली गरम राख म्हणजे फुफाटा. 'आगीतून फुफाट्यात' ही म्हण ज्याने केली त्याला विस्तव चांगलाच ठाऊक असणार. आग दिसते तरी. फुफाटा वरून करडा आणि निवलेला वाटतो, पण राख उष्णता धरून ठेवते आणि आतली धग कितीतरी वेळ तशीच राहते. पानात किंवा मातीत गुंडाळलेला मासा, मांसाचा जाड तुकडा राखेत पुरायचा असेल, तर तिथे 'फुफाट्यात भाजणे' याहून नेमकं मला काही सुचत नाही. भाषांतरात 'गरम राखेत बेक करा' वाचलं की जीव कळवळतो.

'शेकणे' आणि 'भाजणे' यांत अंतराचा फरक आहे. शेकताना विस्तवाशेजारी असतो, म्हणून शेकोटीला अंग शेकतात, भाजत नाहीत. चिरून उघडलेला मासा फळीला ठोकून विस्तवाच्या कडेला उभा करायची एक पद्धत आहे. ती 'धगीला शेकणे'. विस्तव समोर असतो, खाली नाही.

क्रियापदांतही छटा आहेतच, पण त्या पद्धतीच्या नाहीत, परिणामाच्या आहेत. खरपूस, होरपळलेला, करपलेला हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, ते थांबायला हवं. मांसाचा पृष्ठभाग ओला असेतो त्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसं वर जात नाही. तो कोरडा झाला आणि साधारण १४० अंशांच्या पुढे गेला की रंग तांबूस होतो, वास सुटतो, ते 'खरपूस'. भाजण्याआधी तुकडा पुसून कोरडा करायला सांगतात तो म्हणूनच. बाहेरून जाळाने काळं आणि आत कच्चं, ते 'होरपळलेलं'. वेळेवर न काढल्यामुळे कोळशाकडे गेलं ते 'करपलेलं'. इंग्रजीतला 'चार' (char) हेतुपुरस्सर केलेला असतो. तिथे 'करपवा' न लिहिता 'काळे डाग पडेपर्यंत भाजा' लिहिलेलं बरं.

माशासाठी दोन साधी क्रियापदं विसरू नका: 'धरणे' आणि 'सुटणे'. गार जाळीवर मासा ठेवला की साल जाळीला धरते. घाईने उलटला तर साल वर राहते आणि मांस खाली निखाऱ्यात पडतं, कारण माशाच्या मांसातले सांधणारे धागे जनावरांच्या मांसातल्यापेक्षा कमी उष्णतेला विरघळतात. जाळी आधी तापवून, तेल लावून ठेवला आणि साल कुरकुरीत होऊ दिली, तर कडेने उचलून बघताना तो आपणहून सुटतो. 'सहा मिनिटांनी उलटा' यापेक्षा 'जाळीवरून सुटला की उलटा' ही सूचना जास्त खरी, कारण विस्तव काही घड्याळ बघून तापत नाही. मांसाच्या बाबतीत 'ठिबकणे' तसंच महत्त्वाचं: चरबी निखाऱ्यावर ठिबकली की चर्र होतं, जाळ उठतो आणि तुकडा बाजूला सारावा लागतो.

'स्मोक'ला 'भाजणे' तर नकोच. 'धुरी देणे' आहे. 'थंड धुरी' (साधारण ३० अंशांच्या आत, मासा शिजत नाही) आणि 'गरम धुरी' (शिजतो) असा भेदही सहज करता येतो. 'धुरकट' मात्र टाळा. मराठीत ती तक्रार आहे. ओलं लाकूड धुमसलं की येतो तो वास धुरकट.

राहता राहिला 'आउटडोअर'. प्रश्नात 'उघड्यावर' शब्द नाही हे बरं झालं, कारण 'उघड्यावरचे पदार्थ' म्हणताच माश्या बसलेलं ताट डोळ्यांपुढे येतं. 'बाहेर' किंवा 'मोकळ्यावर' लिहा. आणि चार माणसं जमून करायच्या त्या कार्यक्रमाला 'बार्बेक्यू'च म्हणा, तो शब्द आता मराठीत रुळला आहे. फक्त पाककृतीत 'चिकन बार्बेक्यू करा' लिहिण्याऐवजी 'निखारे फुलवून चिकन त्यावर भाजा' लिहा.